चार्जिंगची वरची मर्यादा बदलता येणारी लिथियम चार्जर चिप कशी निवडावी

लिथियम चार्जर चिपच्या डेटाशीटच्या पहिल्या पानावर ‘ॲडजस्टेबल’ दिसलं की लगेच ऑर्डर देऊ नका. नेमकं काय ॲडजस्ट होतं ते आधी बघा. बहुतेक चिपांमध्ये तो शब्द चार्जिंगच्या करंटबद्दल असतो. एका पिनवर रेझिस्टर लावायचा आणि त्यावरून करंट ठरतो. सेल किती व्होल्टपर्यंत भरायचा हे मात्र कारखान्यातच ठरून आलेलं असतं, आणि तो आकडा बहुधा ४.२ व्होल्टचा असतो. मला हवं असतं ते हा दुसरा आकडा आपल्या हातात असणं, आणि हा लेख त्याबद्दलच आहे.

मी सतत प्लगमध्ये राहणारी उपकरणं बनवते. तापमान नोंदवणारी यंत्रं, वीज गेली तरी चालू राहिले पाहिजेत असे अलार्म, दाराच्या कुलपांचे कंट्रोलर. यांच्यातला सेल प्रत्यक्ष कामाला क्वचितच येतो. बाकीचा सगळा काळ तो काठोकाठ भरलेला असतो, शेजारी पॉवर सप्लाय तापत असतो आणि डबा बंद असतो. लिथियम-आयन सेलचे याहून जास्त हाल कुठेच होत नसतील. पूर्ण भरलेल्या अवस्थेत धन इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइटचं ऑक्सिडेशन होत राहतं. दुसऱ्या बाजूला ग्रॅफाइटवरचा थर हळूहळू जाड होतो आणि वापरता येण्याजोगं लिथियम त्यात अडकून बसतं. वायू तयार होतात, पाऊच सेल (मऊ पाकिटातला सेल) फुगतो. या सगळ्याचा वेग उष्णतेने वाढतो आणि सेलचं व्होल्टेज जितकं वर, तितका आणखी वाढतो. उष्णता दर वेळी आपल्याला कमी करता येईलच असं नाही. व्होल्टेज मात्र करता येतं.

म्हणून माझ्या उपकरणांत मी ४.० किंवा ४.१ व्होल्टवर थांबते. त्याची किंमत क्षमतेत मोजावी लागते. नेहमीच्या ४.२ व्होल्टच्या सेलमध्ये ४.१ला साधारण नव्वद टक्के आणि ४.०ला ऐंशीच्या आसपास साठा मिळतो. नेमका आकडा रसायनावर आणि त्या सेलच्या घडणीवर अवलंबून असतो, त्यामुळे आपल्या हातातला सेल एकदा स्वतः भरून, रिकामा करून मोजावा. गेलेला साठा भरून काढायला थोडा मोठा सेल घेतला की झालं. वर्षानुवर्षं प्लगमध्ये राहणाऱ्या वस्तूसाठी हा सौदा मला नेहमीच पटतो. रोज पूर्ण वापर होऊन रोज भरली जाणारी आणि वजनाला महत्त्व असलेली वस्तू असेल तर हिशोब वेगळा. तिथे ४.२ ठेवायलाही माझी हरकत नाही.

मायक्रोकंट्रोलरच्या भरवशावर का राहू नये

व्होल्टेज बदलता येणाऱ्या चिपा शोधायला लागलात की आधी सापडतात त्या आय-टू-सी वाल्या, म्हणजे मायक्रोकंट्रोलरकडून दोन तारांवरून आज्ञा घेणाऱ्या. त्यांची लवचीकता मोहात पाडणारी असते. उदाहरणार्थ बीक्यू२५८९५ या चिपमध्ये चार्जिंगचं व्होल्टेज ३.८४ ते ४.६०८ व्होल्टच्या दरम्यान १६ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी ठरवता येतं. पण ही मर्यादा राहते रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपच्या तात्पुरत्या स्मृतीत. चिपमध्ये वॉचडॉग, म्हणजे मायक्रोकंट्रोलर जागा आहे का हे बघणारा टायमर असतो, तो मुळात ४० सेकंदांवर लावलेला असतो, आणि तेवढ्या वेळात कुणी त्याची दखल घेतली नाही तर चिप आपल्या मूळ किमतींवर परत जाते. मूळ किंमत ४.२०८ व्होल्ट. वॉचडॉग बंद करता येतो, हे खरं. पण सेल पूर्ण उतरला, मायक्रोकंट्रोलर झोपला आणि मग वीज परत आली, तर सुरुवात पुन्हा मूळ किमतीपासूनच होते. फर्मवेअर अडकलं, तरी तेच.

ज्या वस्तूकडे वर्षभर कुणी बघणार नाही, तिच्यात सेलचं आयुष्य फर्मवेअरच्या तब्येतीवर टांगून ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. मर्यादा रेझिस्टरमध्ये किंवा चिपच्या आत कायमची असावी. वीज आली की चिपने कुणालाही न विचारता तीच मर्यादा पाळावी. मायक्रोकंट्रोलर असलाच तर त्याने फार तर माहिती वाचावी.

एक वाट अशीही, जिच्यात खास चिप लागतच नाही

काही सेल ४.३५ किंवा ४.४ व्होल्टसाठी बनवलेले असतात. सेलच्या डेटाशीटमध्ये चार्जिंगचं कमाल व्होल्टेज तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. असा सेल साध्या ४.२ व्होल्टच्या चार्जरवर लावला की तो आपोआप त्याच्या कमाल मर्यादेच्या बराच खाली राहतो. मर्यादा ठरवणारा दोन रेझिस्टरांचा विभाजक नको, हिशोब नको. लहान, स्वस्त, सहज मिळणारी कुठलीही स्थिर व्होल्टेजची चिप चालते. जागा अगदी कमी असेल तेव्हा मी आधी हीच शक्यता तपासते.

याच्या उलट मात्र कधीही करू नका. एमसीपी७३८३१ ही छोटी, उपयोगी चिप घ्या. तिचे चार प्रकार मिळतात: ४.२०, ४.३५, ४.४० आणि ४.५० व्होल्टचे. ऑर्डर कोडमध्ये नावानंतर येणारा आकडा २ असेल तर ४.२०, ३ असेल तर ४.३५, ४ असेल तर ४.४०, ५ असेल तर ४.५०. बाहेरून चारही जवळजवळ सारख्याच दिसतात. चुकून ३ वाली चिप ४.२ व्होल्टच्या सेलला लागली तर तो सेल रोज धोक्याच्या पातळीवर भरला जाईल. रीळ हातात आलं की पहिला नग टेबलावर मोजूनच पुढे जावं. आणि हेही लक्षात घ्या की हे सगळे पर्याय ४.२ किंवा त्याच्या वरचे आहेत. खाली येणारा एकही नाही.

अशीच एक फसगत काही स्वस्त लिनियर चिपांमध्ये (जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत घालवणाऱ्या) होते. त्यांना फीडबॅक पिन, म्हणजे सेलचं व्होल्टेज बघणारी पिन असते, डेटाशीट म्हणतं व्होल्टेज बाहेरच्या रेझिस्टरने बदलता येतं, आणि सर्किट नीट बघितलं की कळतं की सेल आणि ती पिन यांच्यामध्ये रेझिस्टर टाकल्याने व्होल्टेज फक्त वर जातं. तारेतली घट भरून काढायला ते ठीक आहे. आपल्या कामाचं नाही. म्हणून डेटाशीटमध्ये ‘रेग्युलेशन व्होल्टेज’ किंवा ‘फ्लोट व्होल्टेज’ची ओळ शोधा आणि तिथे किमान आकडा ४.० किंवा त्याखाली दिलाय का, हे पाहा.

खरोखर खाली आणता येणाऱ्या चिपा

दोन जाती आहेत. पहिल्या जातीत एका पिनवर लावलेल्या रेझिस्टरची किंमत चिप वाचते आणि आतल्या ठराविक पायऱ्यांपैकी एक निवडते. बीक्यू२५१७० या जातीतली. लिनियर आहे, एका सेलसाठी आहे, ८०० मिलिअँपिअरपर्यंत चार्ज करते. तिच्या पायऱ्यांमध्ये ४.०५ व्होल्ट आहे, ४.२ आहे, वरच्याही आहेत आणि लिथियम आयर्न फॉस्फेटसाठी वेगळ्या आहेत. या पद्धतीची मोठी सोय अशी की रेझिस्टरची छोटी चूक व्होल्टेजमध्ये उतरत नाही. रेझिस्टर एक टक्का इकडेतिकडे झाला तरी चिप तीच पायरी निवडते आणि अचूकता आतल्या रेफरन्सवर, म्हणजे तुलनेसाठीच्या पक्क्या व्होल्टेजवर ठरते. शिवाय सेलवर कायमचा विभाजक टांगलेला नसतो. पाच व्होल्टवर चालणाऱ्या, एका सेलच्या, लहान उपकरणासाठी आज मला कुणी एकच जात सुचवायला सांगितली तर मी हीच सांगेन. पायऱ्या आपल्याला हव्या तिथे असल्या म्हणजे झालं.

दुसरी जात फीडबॅक विभाजकाची. दोन रेझिस्टर सेलच्या व्होल्टेजचा ठराविक हिस्सा चिपला दाखवतात आणि चिप तो हिस्सा आपल्या रेफरन्सइतका ठेवते. यात कुठलाही आकडा बसवता येतो.

इथे तीन चिपांशी माझा जास्त संबंध येतो आणि तिघींचं क्षेत्र अगदी वेगळं आहे. एलटीसी४०७९ लिनियर आहे, २५० मिलिअँपिअरपर्यंतच देते, पण इनपुट ६० व्होल्टपर्यंत सोसते आणि स्वतः फार थोडा करंट खाते. २४ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या पॅनेलमधला छोटा बॅकअप सेल हळूहळू भरायला ती उत्तम. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा आहे. २४ व्होल्टवरून ४ व्होल्टच्या सेलला ५० मिलिअँपिअर द्यायचे तर २० गुणिले ०.०५, म्हणजे १ वॅट उष्णता चिपमध्ये निघते. २५० मिलिअँपिअर मागितले तर ५ वॅट होतील आणि चिप स्वतःला वाचवायला करंट कमी करेल.

एलटी३६५२ स्विचिंग आहे (वेगाने चालू-बंद होऊन व्होल्टेज उतरवते, त्यामुळे कमी तापते), २ अँपिअरपर्यंत जाते, रेफरन्स ३.३ व्होल्टचा. सौर पॅनेलवर ती बऱ्यापैकी वापरली जाते, कारण इनपुटचं व्होल्टेज पडू लागलं की ती करंट कमी करते. तिची एक अट मात्र अनेकांच्या नजरेतून सुटते: सुरू व्हायला इनपुट सेलच्या व्होल्टेजपेक्षा ३.३ व्होल्ट जास्त लागतं. ४.१ व्होल्टच्या सेलसाठी ७.४ व्होल्ट. म्हणजे पाच व्होल्टच्या यूएसबीवर ती कामाची नाही.

तिसरी बीक्यू२४६५०. ही कंट्रोलर आहे, म्हणजे मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), इंडक्टर, करंट मोजणारा रेझिस्टर सगळं बाहेर लावायचं. इनपुट ५ ते २८ व्होल्ट, रेफरन्स २.१ व्होल्ट. बोर्ड काळजीने आखावा लागतो, पण मोठ्या सेलसाठी आणि एकापेक्षा जास्त सेलच्या मालिकेसाठी फार समर्थ. पुढचा हिशोब मी हिच्यावरच करून दाखवते, कारण आकडे सुटसुटीत येतात.

आणखी एक टोक म्हणजे काही मायक्रोवॅटवर चालणारी उपकरणं. खोलीतल्या प्रकाशावर भरणारा सेन्सर वगैरे. तिथे बीक्यू२५५७० सारख्या ऊर्जा गोळा करणाऱ्या चिपा बघा. त्यांच्यातही भरण्याची वरची मर्यादा दोन रेझिस्टरने ठरते, फक्त ते मेगाओहममध्ये असतात.

विभाजकाचा हिशोब

सूत्र साधं आहे: सेलचं व्होल्टेज = रेफरन्स × (१ + वरचा रेझिस्टर ÷ खालचा रेझिस्टर). वरचा म्हणजे सेलकडून फीडबॅक पिनकडे येणारा, खालचा म्हणजे पिनपासून ग्राउंडकडे जाणारा.

बीक्यू२४६५०साठी ४.१ व्होल्ट हवेत. वरचा १०० किलोओहम, खालचा १०५ किलोओहम घेतला की २.१ × (१ + १००/१०५) = ४.१०. अगदी नेमकं. दोन्ही किमती एक टक्क्याच्या मालिकेत सहज मिळतात. ४.० हवे असतील तर खालचा ११० किलोओहम घ्या, ४.०१ येतील.

आता चूक किती येऊ शकते ते बघू. हा भाग टाळू नका, कारण मर्यादा बदलता येणारी चिप घेऊन त्यात ढिसाळ रेझिस्टर लावले तर स्थिर चिपेपेक्षा वाईट परिणाम मिळतो. दोन्ही रेझिस्टर एक टक्क्याचे, आणि वाईटात वाईट म्हणजे एक वर चुकलाय, दुसरा खाली. गुणोत्तरात दोन टक्के फरक. पण तो सगळाच्या सगळा व्होल्टेजमध्ये उतरत नाही. त्याचा (१ − रेफरन्स ÷ सेल व्होल्टेज) एवढाच भाग उतरतो. २.१च्या रेफरन्सवर, ४.१ व्होल्टसाठी तो भाग ०.४९ च्या आसपास. म्हणजे जवळजवळ एक टक्का, ४० मिलिव्होल्ट. त्यात रेफरन्सची स्वतःची अर्ध्या टक्क्याची चूक मिळवा, आणखी २० मिलिव्होल्ट. ४.१ म्हणून लावलेला चार्जर ४.१६ला जाऊन बसू शकतो. म्हणजे जो फायदा घ्यायला निघालो होतो, त्यातला अर्ध्याहून जास्त गेला.

रेफरन्स जितका लहान तितकी ही चूक मोठी. एलटीसी४०७९चा रेफरन्स १.१७ व्होल्टचा आहे. तिथे तोच भाग ०.७१ होतो आणि एक टक्क्याच्या रेझिस्टरांमुळे ५९ मिलिव्होल्टपर्यंत फरक पडू शकतो. एलटी३६५२मध्ये रेफरन्स ३.३ असल्याने तो बराच कमी.

उपाय एकच, ०.१ टक्क्याचे रेझिस्टर. तेव्हा वरचे ४० मिलिव्होल्ट ४ होतात. फीडबॅकचे हे दोन रेझिस्टर चांगले घ्या, बाकी बोर्डावर कुठेही काटकसर करा.

किमती किती मोठ्या ठेवायच्या हा पुढचा प्रश्न. १०० आणि १०५ किलोओहमची जोडी सेलवर टांगली की तिच्यातून ४.१ ÷ २०५ किलोओहम, म्हणजे २० मायक्रोअँपिअर सतत जातात. प्लगमध्ये असेपर्यंत ते चार्जर पुरवतो. पण उपकरण खोक्यात बंद होऊन गोदामात पडलं तर वर्षभरात १७५ मिलिअँपिअर-तास निघून जातात. सेल ५०० मिलिअँपिअर-तासांचा असेल तर हे त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त आहे, आणि पाठवताना तो अर्धाच भरलेला असेल तर तो धोकादायक खोलीपर्यंत उतरू शकतो. एलटीसी४०७९मध्ये यासाठी वेगळी पिन आहे. विभाजकाचं खालचं टोक ग्राउंडला न जोडता त्या पिनला जोडायचं, म्हणजे चार्जिंग चालू नसताना चिप ते सोडून देते. निवड करताना असली सोय मला दोन-चार जास्तीच्या वैशिष्ट्यांपेक्षा मोलाची वाटते.

मग रेझिस्टर सरळ मेगाओहमचे का घेऊ नयेत? कारण फीडबॅक पिनमध्येही थोडा करंट जातो. त्याची चूक म्हणजे तो करंट गुणिले वरचा रेझिस्टर. पिनमध्ये १०० नॅनोअँपिअर जात असतील आणि वरचा रेझिस्टर १ मेगाओहम असेल तर १०० मिलिव्होल्टचा फरक पडेल. डेटाशीटमधला कमाल गळतीचा आकडा घेऊन हा गुणाकार नक्की करा. एलटी३६५२च्या डेटाशीटमध्ये तर विभाजकाचा समतुल्य रोध २५० किलोओहम ठेवायला सांगितलंय आणि त्यासाठी दोन्ही किमतींची सूत्रं दिली आहेत. तिथे आपल्या मनाने दुसरी जोडी घालू नये.

व्हेरिएबल रेझिस्टर, म्हणजे प्रीसेट, इथे अजिबात लावू नका. त्याचा फिरता स्पर्श कधीतरी सुटतो, आणि तो कुठल्या बाजूला सुटला यावर पुढचं सगळं ठरतं. खालचा रेझिस्टर सुटला तर पिनला पूर्ण व्होल्टेज दिसतं आणि चिप चार्जिंग थांबवते, ते चालेल. वरचा सुटला तर पिनला शून्य दिसतं आणि चिपला वाटतं सेल रिकामा आहे, ती भरत राहते. बोर्ड आखताना वरच्या रेझिस्टरचे पॅड मोठे ठेवा आणि तो बोर्डाच्या वाकणाऱ्या कडेपासून लांब ठेवा. मी हे प्रत्येक बोर्डावर पाळते.

मर्यादा गरजेप्रमाणे वर-खाली करायची असेल तर

कधी कधी एकाच वस्तूला दोन मर्यादा हव्या असतात. एरवी ४.०, आणि बाहेर न्यायची असेल तेव्हा पूर्ण ४.२. यासाठी बीक्यू२४६५०च्या त्याच जोडीत एक रेझिस्टर वाढवायचा. वरचा १००, खालचा ११० किलोओहम, ४.०१ व्होल्ट. आता खालच्या ११०ला समांतर १.१ मेगाओहम लावला की दोघांचं मिळून बरोबर १०० किलोओहम होतं आणि व्होल्टेज ४.२० येतं. हा तिसरा रेझिस्टर एका छोट्या स्विचमधून, जंपरमधून किंवा लहान मॉस्फेटमधून ग्राउंडला जोडायचा.

जोडणी अशी ठेवण्यामागे कारण आहे. जंपर पडला, स्विच खराब झाला, मॉस्फेटला चालवणारा मायक्रोकंट्रोलर गप्प बसला, तरी वस्तू खालच्या मर्यादेवर येते. उलटी रचनाही करता येते, म्हणजे जंपर लावला की व्होल्टेज खाली येईल अशी, पण तेव्हा प्रत्येक बिघाड सेलला वर ढकलतो. मायक्रोकंट्रोलरला चार्जिंगमध्ये हात घालू द्यायचाच असेल तर एवढ्याच वाटेने द्यावा.

जुगाड, आणि त्यातला चालणारा एक

टीपी४०५६चं मॉड्यूल जवळजवळ प्रत्येकाच्या खणात असतं. ते ४.२ व्होल्टवर स्थिर आहे, दीड टक्क्याच्या अचूकतेने, म्हणजे ६३ मिलिव्होल्ट वर किंवा खाली. त्याचं व्होल्टेज कमी करायला मॉड्यूल आणि सेल यांच्यामध्ये डायोड टाकायचा सल्ला खूपदा दिला जातो. तो घेऊ नका. डायोडवर पडणारं व्होल्टेज करंटप्रमाणे बदलतं. चार्जिंगच्या शेवटी करंट घटत जातो तसं ते कमी होतं, त्यामुळे सेल नेमका कुठे थांबला ते तापमानावर आणि त्या डायोडवर अवलंबून राहतं. शिवाय डायोडमुळे चिपला सेल दिसतच नाही. सेल फार उतरलेला आहे का, हे तिला कळत नाही. मालिकेत रेझिस्टर टाकणं तर निरुपयोगीच, कारण करंट शून्याकडे गेला की त्याच्यावरची घटही शून्य होते आणि सेल निवांत ४.२ गाठतो, फक्त उशिरा.

चालणारा उपाय असा: सेलचं व्होल्टेज बघणारा एक अचूक डिटेक्टर किंवा कम्पॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) घ्या आणि त्याने चार्जर चिपची एनेबल पिन बंद करा. टीपी४०५६ला सीई पिन आहे, एमसीपी७३८३१ची प्रोग्रॅम पिन मोकळी सोडली की ती थांबते. हिस्टेरेसिस, म्हणजे बंद आणि चालू होण्याच्या पातळ्यांतलं अंतर, मोठा ठेवा, उदाहरणार्थ ४.० ला बंद आणि ३.८५ ला चालू, नाहीतर चार्जिंग सतत चालू-बंद होत राहील. चार्जिंग चालू असताना सेलच्या आतल्या रोधामुळे व्होल्टेज फुगलेलं दिसतं. १ अँपिअर आणि १०० मिलिओहम असतील तर ते १०० मिलिव्होल्ट होतात, म्हणजे ४.० वर तोडलं तरी सेल खरा ३.९ वर असतो. करंट कमी ठेवला की हा फरक नगण्य होतो, आणि स्टँडबाय वस्तूला घाई नसतेच. या रचनेची मला आवडणारी गोष्ट अशी की कम्पॅरेटर बिघडला तरी चार्जर चिप ४.२ वर थांबवतेच.

करंट, उष्णता, लोड

करंटबद्दल थोडक्यात. सेलच्या क्षमतेच्या निम्म्याहून जास्त करंट देऊ नका, डेटाशीट त्याहून कमी सांगत असेल तर ते पाळा. टीपी४०५६च्या मॉड्यूलवर बहुधा १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो आणि तो १ अँपिअर देतो. १५० मिलिअँपिअर-तासांच्या चिमुकल्या सेलला हे मॉड्यूल जसंच्या तसं जोडणं घातक आहे. रेझिस्टर १० किलोओहमचा केला तर करंट सुमारे १३० मिलिअँपिअरवर येतो, आणि इतक्या लहान सेलला तोही जास्तच. इथे लहान करंटसाठीच बनवलेली चिप घ्या.

लिनियर चिप निवडली तर उष्णता मोजा: इनपुट वजा सेल, गुणिले करंट. ५ व्होल्टवरून ३ व्होल्टच्या सेलला १ अँपिअर म्हणजे २ वॅट. चिपखालचा थर्मल पॅड तांब्याला नीट सोल्डर झालेला नसेल तर ती स्वतःच करंट कमी करते. मग चार्जिंग लांबतं आणि शेजारी ठेवलेला सेल तापतो. ज्या उष्णतेपासून सेलला वाचवायला आपण व्होल्टेज खाली आणलं, ती चार्जरनेच त्याला देऊ नये. चिप आणि सेल यांच्यात अंतर ठेवा.

लोडकडे, म्हणजे सेलवर चालणाऱ्या उपकरणाकडे, लोक सर्वात कमी लक्ष देतात आणि माझ्या प्रकारच्या उपकरणांत तोच सगळ्यात त्रास देतो. चार्जिंग संपलं हे चिपला कळतं करंट ठरलेल्या करंटच्या साधारण दहाव्या हिश्श्याखाली गेल्यावर. सेलच्या समांतर उपकरण जोडलेलं असेल आणि ते त्याहून जास्त करंट घेत असेल तर ती वेळ येतच नाही. चिप सेलला कायम वरच्या मर्यादेवर धरून ठेवते, किंवा सेफ्टी टायमर संपून बिघाडाचा दिवा लावते. सतत चालू असणाऱ्या वस्तूसाठी पॉवर पाथ असलेली चिप घ्या, म्हणजे इनपुट असताना लोड थेट इनपुटवरून चालतो. अडचण अशी की बीक्यू२४०७४ सारख्या लोकप्रिय पॉवर पाथ चिपांमध्ये व्होल्टेज ४.२ वर स्थिर असतं. दोन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या नाहीत तर मी मर्यादा बदलता येणारी चिप घेते आणि पॉवर पाथ बाहेर बनवते: पी-चॅनेल मॉस्फेट आणि एक शॉटकी डायोड, मुख्यतः इतकंच लागतं.

थर्मिस्टरची (सेलचं तापमान सांगणाऱ्या रेझिस्टरची) पिन रिकामी ठेवू नका आणि कायमची खोट्या किमतीवर बांधूही नका. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास ग्रॅफाइटवर धातुरूप लिथियम साचतं आणि त्याचं नुकसान परत भरून येत नाही. बाजारातल्या अनेक टीपी४०५६ मॉड्यूलवर ही पिन ग्राउंडला जोडून तपासणी बंद केलेली असते. काही चिपा सेल गरम असताना भरण्याचं व्होल्टेज आपोआप कमी करतात, आणि थर्मिस्टरच्या जागी रेझिस्टर लावून ती खालची पातळी कायम मिळवण्याची युक्ती सांगितली जाते. व्होल्टेज मिळतं, पण तापमानाचं संरक्षण जातं. मी तसं करणार नाही.

संरक्षण सर्किटही वेगळं हवंच. डीडब्ल्यू०१ घराण्यातल्या चिपा साधारण ४.२५ ते ४.३ व्होल्टला तोडतात. त्यांना तुमच्या ४.० ची काही कल्पना नसते. वरचा फीडबॅक रेझिस्टर निसटण्यासारख्या प्रसंगासाठीच त्या आहेत.

लिथियम आयर्न फॉस्फेट वापरत असाल तर आकडे वेगळे. तो ३.६ ते ३.६५ वर भरतात आणि मधला मोठा पल्ला ३.२ ते ३.३ व्होल्टच्या सपाटीवर जातो. त्यामुळे मर्यादा ३.४५ केली तरी पुरेसा वेळ दिल्यास तो जवळजवळ पूर्ण भरतो. व्होल्टेज कमी करून ‘ऐंशी टक्के’ गाठण्याची पद्धत तिथे लागू पडत नाही.

पहिला बोर्ड हातात आल्यावर

सेल न लावता आउटपुट मोजून मर्यादा ठरवू नका. बऱ्याच चिपा सेल नसला की आउटपुटवरच्या कपॅसिटरलाच सेल समजून चार्जिंग संपवतात, पुन्हा सुरू करतात, आणि मल्टिमीटरवर आकडा नाचत राहतो. अर्धा भरलेला सेल लावा, मल्टिमीटरची टोकं थेट सेलच्या टॅबवर ठेवा, बोर्डाच्या कनेक्टरवर नको. करंट घटून चार्जिंग थांबायच्या अगदी आधी जो आकडा दिसतो, तीच तुमची खरी मर्यादा. चार्जिंग थांबल्यावर सेल थोडा खाली येतो, तो आकडा वेगळा लिहून ठेवा. मग तीच चाचणी डबा बंद करून, उपकरण चालू ठेवून, सगळं पूर्ण तापल्यावर पुन्हा करा. थंड आणि तापलेल्या अशा दोन्ही चाचण्यांतल्या मर्यादांमध्ये २० मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर मी आधी विभाजकाचे रेझिस्टर बघते आणि मग त्यांच्या आसपास राहिलेला सोल्डरिंगचा फ्लक्स. मेगाओहमच्या विभाजकाला ओला फ्लक्सही समांतर रेझिस्टरसारखा वागतो. बोर्ड नीट धुवा, सुकवा आणि पुन्हा मोजा.

शेवटचं काम छपाईचं. बोर्डावर सेलच्या कनेक्टरशेजारी मर्यादा स्पष्ट छापा: ४.१ व्होल्ट, एक सेल, कमाल किती मिलिअँपिअर. काही वर्षांनी सेल बदलायला बसणारी व्यक्ती तुम्ही नसाल, आणि मल्टिमीटरवर ४.१ वर थांबलेला चार्जर पाहून तो बिघडलाय असं समजून ती दुसरं मॉड्यूल लावेल.